टाकाऊ असं घरात काही नसतं

मऊ प्लास्टिकचे मासे घरच्या घरी, स्वस्तात कसे ओतावेत हे सांगणाऱ्या प्रत्येक माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : घरात पडलेलं एखादं जुनं पातेलं घ्या. हा माणूस कुठे राहतो ते कळत नाही. विक्रोळीत राहत नाही, एवढं नक्की. इथल्या वन रूम किचनमध्ये जुनी पातेली असतात, पण पडलेली नसतात. एकात रोज दूध तापतं. कान तुटलेलं दुसरं इडलीच्या पिठासाठी असतं. तिसरं आईच्या माहेरून आलेलं आहे. ते कशालाच लागत नाही आणि म्हणूनच त्याला कोणी हात लावायचा नाही.

ज्यांना हा छंद नाही, त्यांच्या माहितीसाठी सांगतो. गरवायला जाणाऱ्या माणसाचं पूर्वी कोळंबीवर भागायचं. आता गळाला बोटभर लांबीचा मऊ प्लास्टिकचा मासा ओवतात. गळाच्या डोक्याशी शिसं असतं आणि माशाच्या शेपटीला चपटी टाच असते. ओढला की शेपूट लपलपते आणि जिताडा किंवा तांब यांना ती खरी बोय वाटते. निदान तसं वाटावं अशी अपेक्षा असते. दुकानात असे पाच-सहा मासे पाकिटात येतात आणि पाकिटाला तीन-चारशे रुपये पडतात. एक खडकात अडकतो, एक कालवांवर घासून फाटतो आणि एकाची शेपूट केंड मासा कुरतडून नेतो. एका सकाळी मी जेवढे पैसे पाण्यात टाकतो, तेवढ्यात बाजारात मासा साफ करून, तुकड्या पाडून मिळतो, असं घरातून एक मत आहे. ते मी नोंदवून घेतलं आहे.

तेव्हा बचत करायची म्हणून हे मासे घरी ओतायचं ठरवलं.

माल तसा साधा आहे. पीव्हीसीची बारीक भुकटी प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवलेली असते. या दुधाळ कालवणाला प्लास्टिसोल म्हणतात. ते ढवळत ढवळत तापवायचं. आधी पातळ असतं, मग एकाएकी खरवसासारखं थिजतं. इथे नवा माणूस घाबरून गॅस बंद करतो. बंद करायचा नसतो. १७५ अंश सेल्सियसच्या आसपास तेच थिजलेलं पुन्हा सुटतं, पारदर्शक होतं, चमच्यावरून पाकासारखी धार धरतं. त्या घटकेला रंग आणि चमकी टाकून साच्यात ओतायचं. दोनशेच्या पुढे गेलं तर ते पिवळं, मग तपकिरी पडतं आणि हायड्रोजन क्लोराईडचा झणझणीत धूर सोडतं. तो नाकातोंडात जाणं बरं नव्हे. म्हणून हा उद्योग मोकळ्या हवेत करावा, आणि एकदा वापरलेलं भांडं पुन्हा अन्नाला वापरू नये, हे सगळेच जाणकार बजावतात. दोन्ही सूचना योग्य आहेत. विक्रोळीत मोकळी हवा हायवेच्या पलीकडे आहे, आणि अन्नाला कधीच लागणार नाही असं भांडं या घरात अजून जन्माला यायचंय.

हा शोध जिथे लागला तिथे जागेची अडचण नव्हती. १९२६ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने कडक पीव्हीसी मऊ करण्याची युक्ती काढली. त्याच ॲक्रनमध्ये १९४९ साली निक क्रीम नावाच्या गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघरात प्लास्टिकची गांडुळं ओतली, आणि ती पुढे पाच नग एका डॉलरला टपालाने विकली. या कामी त्याला पत्नी कॉस्मा हिची साथ होती. हा तपशील मी घरी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला. ‘त्यांच्याकडे स्वयंपाकघरं दोन असतील,’ एवढंच उत्तर आलं.

फिनलंडच्या लॉरी रापाला यांचंही उदाहरण दिलं. त्यांनी १९३६ साली बूच कोरून मासा केला, त्याला चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी लावली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून मुलामा दिला. म्हणजे खर्च शून्य. निगेटिव्ह आमच्याही घरात आहेत, माळ्यावरच्या पेटीत. त्या आमच्या लग्नाच्या आहेत. विषय तिथेच मिटला.

ज्या विक्रोळीत देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी गोदरेजच्या कारखान्यात लाखो पोलादी मतपेट्या तयार झाल्या, त्या विक्रोळीत एका माणसाला बोटभर मासा ओतायला हातभर जागा मिळू नये, याची इतिहासात कुठेतरी नोंद व्हायला हवी.

प्लास्टिसोल आणायला मी मशीद बंदरला गेलो. विक्रोळीला फास्ट गाडी थांबत नाही, त्यामुळे स्वस्तातल्या या प्रकल्पाची सुरुवात स्लो लोकलने झाली. रसायनांच्या दुकानदाराने विचारलं, ‘कितना ड्रम?’ मी म्हटलं, एक लिटर. त्याने मला नीट पाहून घेतलं. ‘सँपल चाहिए? कंपनी का लेटरहेड लाओ.’ मी म्हटलं, कंपनी नाही, घरासाठी हवंय. ‘घर में क्या बनाते हो?’ मासे, असं म्हटल्यावर त्याने शेजारच्या दुकानातल्या माणसालाही बोलावून घेतलं. दोघांनी मिळून मला समजावलं की मासे भाऊच्या धक्क्यावर मिळतात, सकाळी लवकर गेलं तर ताजे मिळतात. अखेर ओळखीच्याच्या ओळखीने, एका छपाईवाल्याकडून, पाण्याच्या बाटलीत भरून अर्धा लिटर मिळालं. बाटलीवर ‘पिऊ नये’ असं लिहिण्याची सूचना त्याने केली होती. मी मोठ्या अक्षरांत लिहिलंही. परिणाम असा, की ती फ्रिजमध्ये ठेवली नसतानाही घरातले सगळे आठवडाभर फ्रिजमधल्या प्रत्येक बाटलीचा वास घेऊन मगच पाणी प्यायले.

साच्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस लागतं. इथे मात्र महाराष्ट्रात कोणी अडून राहू नये. पेण हे गाव गणपतीच्या मूर्तींसाठी जेवढं प्रसिद्ध, तेवढंच जिताड्यासाठी. तेव्हा प्लास्टरच्या साच्यातून जिताड्याचं आमिष काढणं ही मला जवळजवळ सांस्कृतिक गोष्ट वाटत होती. विकतचा एक चांगला मासा नमुना म्हणून घ्यायचा, त्याला तेलाचा हात लावायचा, डब्यात कालवलेल्या प्लास्टरमध्ये निम्मा बुडवायचा. दहा-पंधरा मिनिटांत प्लास्टर घट्ट होतं आणि हाताला चांगलं गरम लागतं. इथवर सगळं पुस्तकाप्रमाणे होतं. मग पुस्तक म्हणतं : साचा पूर्ण वाळू द्या.

जून ते सप्टेंबर विक्रोळीत टॉवेल वाळत नाही. मोजे पंख्याखाली लटकवावे लागतात. प्लास्टर घट्ट झालं तरी त्याच्या पोटात पाणी असतं, आणि दीडशेच्या वर तापलेलं प्लास्टिक त्या पाण्यावर पडलं की वाफ होऊन ते उसळतं. म्हणून ओतताना डोळ्यांना गॉगल, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा लागतो. यात गंमत काही नाही, भाजलं तर चामडी निघते. साचा दिवसचे दिवस वाळवून वर पातळ केलेल्या फेविकॉलचे हात द्यायचे, म्हणजे प्लास्टिक चिकटत नाही. माझा साचा मी खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवला होता. तिथे आधीपासून तुळस, कपड्यांचे चिमटे आणि लोणच्याची बरणी होती. लोणच्याची बरणी उन्हासाठी तिथे होती. साचा आल्यावर ऊन कमी पडतं, अशी तक्रार लोणच्याच्या वतीने आली. प्लास्टरची दोन शकलं कुणाच्या उन्हात येऊ शकतात, यावर मी भौतिकशास्त्राच्या आधारे बोललो. साचा आता कपाटावर आहे. तिथे तो लवकर वाळत नाही, पण कुणाच्या आड तरी येणार नाही.

पहिलं ओतकाम आटोपलं आणि खालच्या मजल्यावरचे काका वर आले. निवृत्त आहेत, नाक शाबूत आहे. ‘गॅस लीक आहे,’ त्यांनी दारातच निदान केलं. त्यांचाही इलाज नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये एका रात्री चेंबूर-घाटकोपरपासून पवईपर्यंत गॅसचा वास येत असल्याच्या तक्रारी झाल्या आणि अग्निशमन दल रात्री उशिरापर्यंत वासामागे फिरत राहिलं. तेव्हापासून पूर्व उपनगरांतली नाकं तयारीत असतात. मी काकांना म्हटलं, हा गॅस नव्हे, प्लास्टिक आहे. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘प्लास्टिकबंदी झाली ना २०१८ ला?’ ती पिशव्या आणि थर्माकोलच्या थाळ्यांवर होती, माशांवर नव्हती, हे सांगेपर्यंत जिन्यात आणखी चार जण जमले होते. त्यातल्या एका वहिनींनी आत डोकावून गॉगल लावलेला मला पाहिलं आणि आत कोण आजारी आहे ते विचारलं.

मग गॅस नको असलेले उपाय सुचवण्यात आले. जिलेटिन आणि ग्लिसरीन घालून मासे करता येतात, मासा ते आवडीने खातो. जिलेटिन तीस-पस्तीस अंशांना पाघळतं; मुंबईत मे महिन्यात ते डब्यातून गळापर्यंत पोहोचेस्तोवर मासा द्रवरूप झालेला असतो. बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन मक्याच्या पिठात मळूनही काम भागतं, ते न तापवता घट्ट होतं. त्याला व्हिनेगरचा उग्र दर्प येतो. काका पुन्हा वर आले. या वेळी त्यांचं निदान ‘लोणचं नासलं’ असं होतं, आणि त्याचं खापर कुणावर फुटलं ते सांगायला नको.

रंगाचं म्हणाल तर रंगाबद्दल मत नसलेला मराठी माणूस मी पाहिलेला नाही. चमकी मुलीच्या शाळेच्या सामानातून मिळाली. तिला कार्यानुभवाला ‘टाकाऊपासून टिकाऊ’ असा प्रकल्प होता; त्यासाठी लागणाऱ्या आइस्क्रीमच्या टाकाऊ काड्या स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात विकत मिळतात, नव्या कोऱ्या. त्या आणताना सोबत चंदेरी चमकीही आणली होती, तिच्यातली चमचाभर मी घेतली. तिच्या प्रकल्पाला त्यामुळे नऊ गुण मिळाले, दहा नाही, हे मला अजून ऐकवलं जातं. बाईंनी गुण काड्यांच्या कोनामुळे कापले असावेत असा माझा अंदाज आहे. कोणी विचारत नाही.

आता साठवणीबद्दल. हे मासे वाटेल त्या प्लास्टिकच्या डबीत ठेवू नयेत. त्यांच्यातला प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपतो आणि कडक प्लास्टिकला, विशेषतः त्या कडकड वाजणाऱ्या पारदर्शक डब्यांना, मऊ करून चिकटतो. ही माहिती सगळीकडे उपलब्ध आहे, फक्त आमच्या आईपर्यंत पोहोचलेली नव्हती. तिचा सात कप्प्यांचा गोळ्यांचा डबा आहे, सोमवार ते रविवार. ओट्यावर पसरलेले दोन हिरवे मासे तिने आवराआवर करताना रिकामा दिसलेल्या बुधवारात टाकले. पुढच्या आठवड्यापासून तिचा बुधवार उघडत नाही. झाकण तळाशी एकजीव झालेलं आहे. आतून हिरवट काहीतरी दिसतं. ती बुधवारची गोळी आता गुरुवारच्या कप्प्यात ठेवते, गुरुवारची शुक्रवारच्या, आणि रविवारची गोळी देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी असते. डबा नवा आणू म्हटलं तर ‘चांगला आहे, एकच वार तर गेलाय’ म्हणते. वर सांगितलं तेच : टाकाऊ असं काही नसतं.

एवढं करून हे मासे टाकायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. विक्रोळीची खाडी माझ्या घरापासून कावळा उडत गेला तर जवळ आहे. मी कावळा नसल्याने मध्ये ईस्टर्न एक्सप्रेस हायवे लागतो, त्यामागे कांदळवन, कांदळवनात गुडघाभर गाळ. कांदळवन राखलेलं आहे, राखलंच पाहिजे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. पलीकडच्या खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळांच्या यादीत आहे. फ्लेमिंगोला तिथे गाळात उभं राहून चोचीने गाळून खाण्याची मुभा आहे. त्याला कोणी प्लास्टर वाळलं का म्हणून विचारत नाही.

दुसऱ्या बाजूला पवई तलाव, १८९१ चा. तिथे रीतसर परवानगी काढून गरवता येतं. पण तिथले कटला आणि रोहू असले मासे आमिषात कणकेच्या गोळ्या पसंत करतात. पाण्यात हलणारी शेपूट पाहून ते धावत येत नाहीत. मी ओतलेला चमकीचा मासा त्यांच्यासमोरून तीनदा गेला. एकाने बुडबुडा सोडला. शेजारी बसलेल्या सद्‌गृहस्थाने बायकोने दिलेली पोळी मळून गोळी लावली आणि रोहू काढला. त्याचा खर्च पोळीचा एक चतकोर. त्या पोळीला काही दिवस ठेवून वाळवावं लागलं नव्हतं, आणि तिच्यासाठी मशीद बंदरला जावं लागलं नव्हतं.

म्हणून सुट्टीच्या दिवशी रेवदंड्याला जातो, कुंडलिकेच्या मुखाशी. तिथे जिताडा आहे, तांब आहे, आणि माझ्याबद्दल मत असणारी माणसं तुलनेने कमी आहेत. भरती उधाणाची असेल तर पाणी जोरात ओढतं आणि शेपूट छान हलते. भांगाचं पाणी असेल तर मासा आणि मी दोघेही कंटाळतो. ओतलेल्या माशात फरक असतो तो शेपटीच्या आधीच्या बारीक सांध्यात. तो जाड राहिला तर शेपूट हलत नाही, नुसता दांडका ओढल्यासारखं होतं. बारीक झाला तर पहिल्याच फेकीत टाच तुटून पाण्यात जाते. साच्यातला हा सांधा मी टाचणीने कोरला आहे, आणि तो बरोबर जमला आहे असं मी म्हणतो. केंडाचंही तेच मत असावं, कारण तो नेमका त्याच जागी दात लावतो. चार दातांचा, चोचीसारख्या जबड्याचा, फुगून बसणारा हा मासा. विषारी म्हणून आपल्याकडे कोणी खात नाही, पण त्याला मात्र सगळं खायचं असतं. तुटकी शेपूट त्याच्या पोटात आणि उरलेलं धड माझ्या हातात. धडं मी बरणीत जमा करतो, कारण ती पुन्हा वितळवून पुन्हा ओतता येतात. बचत म्हणजे हीच.

बरणीसुद्धा रिकामी नव्हती. तिच्यात मेतकूट होतं.

हिशेबाचा विषय निघतोच, म्हणून तोही मांडतो. प्लास्टिसोल ओळखीवर मिळालं, सबब फुकट. प्लास्टर, फेविकॉल, हातमोजे, गॉगल, तापमान मोजायची बंदूक, आणि शेवटी, कुणाचंच नसलेलं असं, स्वतंत्र स्टीलचं पातेलं, स्टेशन रोडवरून नवीन घेतलेलं. आणल्या दिवशीच त्यात अळूचं फदफदं शिजलं, कारण ‘नवं आहे तोवर एकदा तरी चांगल्या कामाला लागू दे.’ बेरीज केली तर दुकानातली पाकिटं वर्षभर आली असती. ही बेरीज मी केलेली नाही. ती बायकोने माझ्याच डायरीच्या मागच्या पानावर करून खाली दोन रेघा मारून ठेवली आहे.

प्रकरण सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत गेलं. सभा सुरू होताना गणपूर्ती झाली नाही, म्हणून अर्धा तास तहकूब होऊन त्याच जागी, त्याच चहाबरोबर पुन्हा सुरू झाली. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणाऱ्या विषयांत माझा विषय ‘इमारतीत येणारा वास’ या नावाने आला. खालचे काका बोलले. वहिनी बोलल्या. मी मुद्देसूद बोललो, सेमनपासून क्रीमपर्यंत. सेक्रेटरींना माझ्याविषयी सहानुभूती असावी, कारण त्यांच्या मुलाने मागच्या महिन्यात माझ्याकडून दोन चंदेरी मासे नेले आहेत. सर्वानुमते असं ठरलं की सदर सभासदाने हे काम घरात न करता गच्चीवर, रविवारी सकाळी करावं, मात्र इतर सभासदांची गैरसोय होऊ नये.

ठरावाखाली इतर सभासदांच्या गैरसोयींची यादी जोडली आहे. मार्च ते मे गच्चीवर वाळवण असतं. पापड, कुरडया आणि सांडग्यांना वास लागता कामा नये. जून ते सप्टेंबर पाऊस. गणपतीत मंडपाचं सामान गच्चीवर ठेवतात, नवरात्रात ते तसंच राहतं, कोजागिरीला दूध आटवायचं असतं. दिवाळीनंतर नोव्हेंबरात लग्नाचे मुदपाकखाने. जानेवारी-फेब्रुवारीत मुलांचे अभ्यास. उरला डिसेंबर. डिसेंबरात गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढायचं, आणि काम चालू असेतो गच्चीला कुलूप लावायचं, हा ठरावही त्याच सभेत एकमताने मंजूर झाला. हात मीही वर केला होता. वरच्या मजल्यावर गळती आमच्याच छताला आहे, आणि तिच्याखाली सध्या ते नवं स्टीलचं पातेलं ठेवलेलं असतं.